वह्यांमधले तत्त्वज्ञान : जर्मन रोमँटिकांवर संशोधन कसे चालते

जर्मन रोमँटिक तत्त्वज्ञानाच्या, म्हणजे 1800 च्या आसपासच्या तरुण जर्मन कवी-विचारवंतांच्या तत्त्वज्ञानाच्या, अभ्यासात ज्या मजकुरांचा हवाला सतत दिला जातो, त्यांतले कितीतरी मजकूर लिहिणाऱ्यांनी स्वतः कधी छापलेच नव्हते. नोव्हालिसने फिख्टेच्या तत्त्वज्ञानावर 1795-96 मध्ये काढलेली टिपणे, फ्रीडरिश श्लेगेलच्या तत्त्वज्ञानाच्या वह्या, होल्डरलिनने एका सुट्या पानाच्या दोन बाजूंवर लिहिलेला मजकूर, शेलिंगची कलेवरची व्याख्याने, हेगेलचे सौंदर्यशास्त्र ही सगळी छापून आली ती लेखक गेल्यानंतर. कुठे मुलाने छापली, कुठे शिष्याने, तर कुठे दीडशे वर्षांनी आलेल्या संपादकाने. म्हणून या विषयात करिअर करणाऱ्याला दोन कामे यावी लागतात: युक्तिवाद तपासणे, आणि तो युक्तिवाद ज्या कागदावर आहे तो कागद तपासणे. विद्यापीठात ही कामे दोन वेगळ्या विभागांत बसतात. पहिले तत्त्वज्ञान विभाग शिकवतो, दुसरे जर्मन साहित्याचा विभाग. विषय निवडण्यापासून कायमच्या नोकरीपर्यंत या क्षेत्रातल्या बहुतेक अडचणी या फाळणीतून येतात.

मुळात प्रश्न काय होता

सुरुवात कांटपासून करावी लागते. 1790 मध्ये आलेल्या त्याच्या तिसऱ्या चिकित्साग्रंथात ('निर्णयशक्तीची चिकित्सा') तो विचारतो: 'हे सुंदर आहे' असे म्हणताना आपण नेमके काय करतो? 'हे लाल आहे' किंवा 'हे उपयोगी आहे' म्हणताना एखादी संकल्पना लावून निर्णय देतो. सौंदर्याच्या बाबतीत तशी संकल्पना हाताशी नसते, तरी इतरांनीही आपल्याशी सहमत व्हावे अशी अपेक्षा आपण धरतो. 'मला आवडले' एवढ्यावर थांबत नाही. कांटच्या मते ही अपेक्षा कल्पनाशक्ती आणि आकलनशक्ती यांच्या मुक्त मेळावर उभी असते; या दोन शक्ती सगळ्या माणसांत सारख्याच असतात, म्हणून सहमतीची मागणी करता येते. याच ग्रंथात त्याने आणखी एक मोठी गोष्ट सुचवली. कार्यकारणाने बांधलेला निसर्ग आणि नैतिक स्वातंत्र्य यांच्यात त्यानेच आधी जी दरी दाखवली होती, तिच्यावर सौंदर्य आणि सजीव सृष्टी मिळून पूल बांधू शकतील असे त्याने म्हटले. मात्र हा पूल 'जणू काही' या पातळीवरचा. त्याचे ज्ञान आपल्याला होऊ शकत नाही, असे तो बजावतो.

पुढच्या पिढीला हे 'जणू काही' पुरेसे वाटले नाही. येना या छोट्या विद्यापीठ-गावात राइनहोल्ड 1787 पासून शिकवत होता. कांटचे सगळे तत्त्वज्ञान एकाच पहिल्या सिद्धांतातून काढून दाखवायचे, हा त्याचा प्रकल्प. 1794 मध्ये त्याच्या जागी फिख्टे आला आणि त्याने तो सिद्धांत मांडला: 'मी' स्वतःला स्वतःच स्थापित करतो, आणि बाकी सगळे यातून निघते. होल्डरलिनने त्याची व्याख्याने प्रत्यक्ष ऐकली. 1795 च्या मे महिन्यात नीटहामर या तत्त्वज्ञाच्या घरी फिख्टे, होल्डरलिन आणि नोव्हालिस एकत्र भेटले होते.

या तरुणांचा आक्षेप नीट समजून घ्यावा, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. मला स्वतःची जाणीव होते, म्हणजे मी स्वतःला जाणिवेचा विषय करतो. विषय केला की जाणणारा आणि जाणला गेलेला असे दोन झाले. हे दोघे एकच आहेत हे मला कसे कळते? ते कळायला माझी स्वतःशी ओळख आधीपासून असावी लागते. म्हणजे 'मी'ची जाणीव हा पाया ठरू शकत नाही. तिच्याही मागे काहीतरी आहे आणि ते विचाराच्या पकडीत येत नाही. होल्डरलिन त्याला 'असणे' म्हणतो: निर्णय देणे म्हणजेच फोड करणे, आणि फोड होण्याआधीची एकता निर्णयात मावत नाही. नोव्हालिसच्या मते ती एकता भावनेत दिली जाते. चिंतन तिच्याकडे वळले की तिचे उलटे चित्र दिसते, म्हणून चिंतनाला स्वतःचे चित्र पुन्हा एकदा उलटावे लागते. श्लेगेल आणखी पुढे जातो. एकच पहिला सिद्धांत शोधणे सोडा, सिद्धांत एकमेकांना आधार देत उभे राहतात, असे तो म्हणतो. तिघांचाही निष्कर्ष असा की अंतिम सत्याकडे फक्त जात राहता येते, पोहोचता येत नाही.

कला इथे येते. जे संकल्पनेत मांडता येत नाही ते कलाकृतीत दाखवता येते, हा रोमँटिक सौंदर्यशास्त्राचा कणा आहे. शेलिंगने 1800 मध्ये कलेला तत्त्वज्ञानाचे साधन आणि पुरावा म्हटले. श्लेगेलने समीक्षेला कलाकृतीचाच पुढचा भाग मानले, आणि ज्याला तो 'आयरनी' म्हणतो त्यात कलाकृती स्वतःला उभी करता करता स्वतःची मर्यादाही दाखवते असे सांगितले. त्याच्या तुकड्यांच्या (सुट्या, छोट्या परिच्छेदांच्या) लेखनशैलीमागेही हाच विचार आहे. सत्य एका चौकटीत पुरे बसत नसेल, तर पूर्णतेचा आव आणणारा ग्रंथ लिहिणे त्याला अप्रामाणिकपणाचे वाटे.

'रोमँटिक' म्हणजे भावनेच्या भरात वाहणारे, हा समज इतका पक्का आहे की विद्यार्थी पहिले वर्ष तो धुऊन काढण्यात घालवतात. नोव्हालिस फ्रायबेर्गच्या खाण-अकादमीत शिकला आणि मिठाच्या कारखान्यांच्या प्रशासनात अधिकारी होता. त्याच्या वह्यांत गणित, रसायन आणि भूगर्भशास्त्र पानोपानी आहे. 25 मार्च 1801 रोजी, वयाच्या 28 व्या वर्षी तो वारला. पुढच्याच वर्षी टीक आणि श्लेगेल या मित्रांनी त्याच्या कागदांतून निवडलेले तुकडे छापले. स्वप्नाळू कवीची जी प्रतिमा एकोणिसाव्या शतकाने जपली, ती पुष्कळशी या निवडीतून घडली.

कोणता मजकूर, कोणाचा, कधीचा

या क्षेत्रातले कसब सगळ्यात जास्त इथे लागते. काही ठळक उदाहरणे पाहू.

श्लेगेल बंधूंचे 'अथेनेउम' हे नियतकालिक 1798 ते 1800 या काळात निघाले. एकूण सहा अंक. 1798 मध्ये त्यात 451 तुकडे निनावी छापले गेले. बहुतेक फ्रीडरिशचे, पण त्याचा भाऊ ऑगस्ट विल्हेल्म, श्लायरमाखर आणि नोव्हालिस यांचेही त्यांत मिसळलेले. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात नोव्हालिसचा 114 तुकड्यांचा संग्रह आला. त्यांतले चार फ्रीडरिशने स्वतःचे घातले होते आणि काहींच्या शब्दांना हात लावला होता. तेव्हा 'श्लेगेल म्हणतो' असे लिहिण्याआधी तो तुकडा कोणाच्या नावावर आणि कोणत्या पुराव्याने आहे, हे चिकित्सक आवृत्तीच्या (हस्तलिखिते आणि जुन्या छापील प्रती ताडून केलेल्या आवृत्तीच्या) टिपांत पाहावेच लागते. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत अडकवणारा हा अगदी नेहमीचा प्रश्न आहे.

दुसरी अडचण तारखेची. श्लेगेल 1808 मध्ये कॅथलिक झाला. 1820 च्या दशकात स्वतःच्या समग्र लेखनाची आवृत्ती काढताना त्याने तरुणपणीच्या लेखांत फेरफार केले आणि 1799 ची कादंबरी वगळूनच टाकली. कवितेवरच्या त्याच्या संवादाचे 1800 मधले पान आणि 1820 च्या दशकातले पान हे दोन वेगळे पुरावे आहेत. 1958 पासून निघत आलेल्या श्लेगेलच्या चिकित्सक आवृत्तीत पाठभेद तळटीपांत दिले आहेत. ग्रंथालयात सहज हाती लागणाऱ्या जुन्या संग्रहांत ते नसतात.

त्याच आवृत्तीत वह्यांचे खंड उघडले की तिसरी अडचण समोर येते. श्लेगेल तत्त्वज्ञान आणि कविता यांसाठी ग्रीक अक्षरांची चिन्हे वापरतो. त्यांना घातांक लावतो, वर्गमूळ काढतो, शून्याने भागतो. संपादकाने दिलेला चिन्हांचा तक्ता शेजारी ठेवून पहिली पन्नास-साठ पाने हाताने उतरवून काढली की डोळा सरावतो. ही चिन्हे 'काव्यात्म खेळ' समजून ओलांडणारे वाचक त्यातला युक्तिवाद गमावतात. घातांक म्हणजे एखादी कृती स्वतःवरच पुन्हा लावणे, आणि त्याच्या चिंतनाच्या सिद्धांतात ही कल्पना मध्यवर्ती आहे.

नोव्हालिसची फिख्टेवरची टिपणे सुट्या कागदांवर होती. ती कोणत्या क्रमाने लिहिली गेली हे 1965 च्या आवृत्तीसाठी हस्ताक्षरातील बदलांवरून ठरवले गेले. 'फिख्टे-अभ्यास' हे शीर्षकही संपादकांचे. होल्डरलिनचे ते दोन बाजूंचे पान 1961 मध्ये प्रथम छापले गेले आणि अक्षर व शुद्धलेखनाच्या सवयींवरून 1795 चे मानले जाते. म्हणजे 1961 पूर्वीच्या कोणत्याही अभ्यासकाने ते लक्षात घेतले नसेल तर तो त्याचा दोष नाही. 'जर्मन आदर्शवादाचा' (कांटनंतर फिख्टे, शेलिंग, हेगेल यांनी उभारलेल्या तत्त्वज्ञानाचा) 'सर्वांत जुना आराखडा' म्हणून ओळखला जाणारा कागद तर हेगेलच्या अक्षरात आहे, पण विचार हेगेलचा, शेलिंगचा की होल्डरलिनचा, यावर 1917 मध्ये रोझेनत्स्वाइगने तो छापल्यापासून वाद चालू आहे. तो कागद आता पोलंडमध्ये, क्राकोच्या यागिएलोनियन ग्रंथालयात आहे.

सौंदर्यशास्त्रात हेगेलचे प्रकरण सर्वांत मोठे. 'हेगेलचे सौंदर्यशास्त्र' म्हणून जगभर वाचला जाणारा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1835 ते 1838 मध्ये, होथो या शिष्याने हेगेलची टिपणे आणि विद्यार्थ्यांच्या वह्या एकत्र करून रचला. हेगेलने बर्लिनमध्ये हा विषय चार वेळा शिकवला: 1820-21, 1823, 1826 आणि 1828-29. त्या व्याख्यानांच्या वह्या आता वेगवेगळ्या छापून उपलब्ध आहेत, आणि होथोच्या ग्रंथातली काही सफाईदार विधाने त्यांत तशी सापडत नाहीत. 2022 मध्ये म्युनिकच्या आर्चडायसिसच्या (कॅथलिक धर्मप्रांताच्या) ग्रंथालयात कारोवे या विद्यार्थ्याच्या वह्या सापडल्याचे जाहीर झाले. चार हजारांहून अधिक पाने, आणि त्यांत हेगेलच्या बर्लिनपूर्वीच्या, हायडेलबर्गच्या काळातले सौंदर्यशास्त्रही. त्या नीट संपादित होऊन येतील तसतसे या भागातले प्रस्थापित निष्कर्ष पुन्हा तपासावे लागतील. आज प्रबंध सुरू करणाऱ्याने ही घडामोड नजरेआड करू नये.

मोठ्या अभ्यासकांमधला मतभेदही या पार्श्वभूमीवर वाचावा. मानफ्रेड फ्रांक यांचा 1997 चा ग्रंथ रोमँटिकांना आदर्शवादापासून वेगळे काढतो: पहिला सिद्धांत नाकारणारे, संशयाकडे झुकलेले विचारवंत. फ्रेडरिक बायझर यांच्या 2002 आणि 2003 च्या पुस्तकांत तेच रोमँटिक प्लेटो आणि स्पिनोझा यांना जोडणारे पक्के आदर्शवादी ठरतात. फ्रांक यांचा भर 1795-96 च्या टिपणांवर आहे, तर बायझर यांचा पुढच्या काही वर्षांच्या लेखनावर जास्त. आमच्या मते या वादाचा बराचसा भाग तारखांचा आहे, आणि चांगल्या प्रबंधाला इथे अजून पुष्कळ जागा आहे. फ्रांक यांच्या ग्रंथाचा फक्त एक भाग इंग्रजीत आला आहे. इंग्रजीवर विसंबणाऱ्याला हा वाद अर्धाच दिसतो.

हात तयार करणे

जर्मन भाषेला पर्याय नाही. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला बी2 पर्यंत (युरोपीय मापात ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या असतात) यायला नेटाने शिकले तर दीड ते दोन वर्षे लागतात, आणि जर्मनीत जर्मन माध्यमातून एम.ए. करायचे तर साधारणपणे सी1 च्या तोडीचा दाखला लागतो: विद्यापीठ-प्रवेशाच्या भाषा-परीक्षांपैकी डीएसएच-2, किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत 4. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट, मुंबईत मॅक्सम्युलर भवन आणि विद्यापीठाचा जर्मन विभाग हे रस्ते जुने आणि खात्रीचे आहेत. पण कोर्समधली जर्मन रेल्वेस्टेशन आणि ऑफिसची असते. बी1 झाल्यावर रोज अर्धे पान कांट किंवा शिलर, शब्दकोश घेऊन, वाक्याची फोड करत वाचायला लागावे. कांटच्या वाक्यात क्रियापद पाचव्या ओळीवर येते, ते शोधण्याची सवय परीक्षेच्या तयारीतून लागत नाही.

जुनी छपाई फ्राक्टुर लिपीत आहे. तिच्यात लांब 'एस' आणि 'एफ' जवळजवळ सारखे दिसतात, आणि मशीनने वाचून केलेल्या ऑनलाइन मजकुरात नेमकी हीच चूक वारंवार असते. शब्द शोधला आणि सापडला नाही म्हणून 'लेखकाने हा शब्द वापरलाच नाही' असा निष्कर्ष काढू नये. शुद्धलेखनही 1901 च्या नियमांपूर्वीचे असल्याने एकच शब्द दोन-तीन रूपांत शोधावा लागतो. फ्राक्टुर दोन आठवड्यांत जमते. हस्तलिखितांची कुरेंट लिपी शिकायला मात्र काही महिने जातात. छापील प्रत उपलब्ध असलेले एखादे पत्र घ्यावे, मूळ छायाचित्रावरून ते स्वतः उतरवावे आणि मग छापील पाठाशी ताडून पाहावे. ट्रान्सक्रिबससारखे सॉफ्टवेअर मदत करते, पण त्याने दिलेला पाठ तपासायला लिपी यावीच लागते.

संग्रहात जाण्याआधी 'कालिओपे' या ऑनलाइन सूचीत पत्र किंवा हस्तलिखित कुठे आहे ते पाहावे. नोव्हालिसचे बरेच कागद फ्रँकफर्टच्या फ्रायेस डॉइचेस होखश्टिफ्टमध्ये आहेत. 2021 मध्ये उघडलेले जर्मन रोमँटिक संग्रहालयही याच संस्थेचे. ऑगस्ट विल्हेल्म श्लेगेलचे कागद ड्रेस्डेनला आहेत आणि त्याचा पत्रव्यवहार डिजिटल आवृत्तीत घरबसल्या वाचता येतो. शिलर आणि गटेसाठी वायमार, आधुनिक अभ्यासकांच्या कागदांसाठी मारबाख. भेटीआधी काही आठवडे ईमेल करावा; त्यात कागदाचा नोंदणी क्रमांक आणि कामाचा हेतू नेमका लिहावा. नाजूक कागद असेल तर आधी डिजिटल प्रत दाखवली जाते, आणि मूळ का पाहायचे आहे (वॉटरमार्क, शाईचा रंग, खोडलेला शब्द) हे सांगावे लागते. आत पेन्सिल चालते, पेन नाही. छायाचित्र काढण्याची परवानगी आणि ते छापण्याची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी लेखी घ्यावी.

प्रबंधाचा विषय आणि पीएच.डी.

विषय फार मोठा घेणे ही पहिली चूक. 'जर्मन रोमँटिकांची निसर्गकल्पना' हा प्रबंधाचा विषय होऊ शकत नाही. त्यावर कपाटभर पुस्तके आहेत. त्याऐवजी असे पाहा: फिख्टेने 1795 मध्ये भाषेच्या उगमावर एक लेख छापला. नोव्हालिसने त्याच सुमारास फिख्टेवरच्या टिपणांत 'चिन्ह' म्हणजे काय यावर विचार केला. ही टिपणे त्या लेखाला उत्तर देतात का, देत असतील तर कोणत्या मुद्द्याला, आणि ती स्वतंत्रपणे टिकतात का? इथे मजकूर मोजके, तारखा ठरलेल्या आणि प्रश्न तात्त्विक आहे. तीन वर्षांत याचे उत्तर देता येईल.

जर्मनीत मार्गदर्शक आधी शोधावा लागतो, प्रवेश नंतर. त्यासाठी आठ ते दहा पानांचा आराखडा लागतो, ज्याला तिथे एक्सपोझे म्हणतात. त्यात प्रश्न एका परिच्छेदात, मग आजवरच्या संशोधनातली नेमकी उणीव, मग कोणते मजकूर कोणत्या आवृत्तीतून वाचणार, प्रकरणांची मांडणी आणि कामाचे वेळापत्रक. हा भाग ढोबळ राहिला तर आराखडा परत येतो. सर्वांत जास्त फसतो तो 'उणिवेचा' परिच्छेद: 'या विषयावर फारसे काम झालेले नाही' हे वाक्य या क्षेत्रात जवळजवळ नेहमीच चुकीचे असते. ज्या तीन-चार अभ्यासकांनी विषयाला हात घातला त्यांची नावे घेऊन ते कुठे थांबले ते दाखवावे.

पैशाचे गणित आधी मांडावे. सरकारी विद्यापीठांत बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही. बाडेन-वुर्टेंबर्ग राज्यात मात्र 2017 च्या हिवाळी सत्रापासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना एम.ए.साठी दर सत्राला 1500 युरो पडतात, आणि या विषयाची ट्युबिंगेन, हायडेलबर्ग ही जुनी केंद्रे त्याच राज्यात आहेत. येना थुरिंगियात आहे, तिथे ही फी नाही. शिष्यवृत्ती नसेल तर व्हिसासाठी वर्षाला 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात) दाखवावे लागतात (2024 पासूनचा आकडा, तो बदलत असतो), आणि भारतातून एम.ए.ला जाणाऱ्याला एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रे तपासल्याचा दाखला) लागते. पीएच.डी. दोन प्रकारे होते: एकट्या मार्गदर्शकाकडे, किंवा संशोधक-गटात. येनाला 2015 मध्ये रोमँटिक विचारावर असा एक गट सुरू झाला होता. असे गट ठरावीक वर्षांपुरते असतात, म्हणून अर्ज करताना निधी कधी संपतो ते विचारून घ्यावे. विद्यापीठातली नोकरी मिळाली तर ती बहुधा अर्धी किंवा 65 टक्क्यांची असते, आणि काम बहुतेक वेळा पूर्ण वेळेइतके होते.

कागदोपत्री तीन वर्षे. प्रत्यक्षात चार-पाच लागतात. उशिराचे मुख्य कारण पहिल्या वर्षात केवळ वाचत राहणे. दुसरे सत्र संपण्याआधी एका प्रकरणाचा कच्चा मसुदा मार्गदर्शकाकडे गेलेला असावा, मग तो मजकूर कितीही तुटपुंजा असो. मसुदा लिहिताना संदर्भाची पद्धत एकदाच ठरवावी: कांट अकादमी आवृत्तीच्या खंड-पृष्ठाने (तिसरा चिकित्साग्रंथ पाचव्या खंडात), श्लेगेल आणि नोव्हालिस त्यांच्या चिकित्सक आवृत्त्यांच्या खंड-पृष्ठाने, शेलिंग त्याच्या मुलाने काढलेल्या 1856-61 च्या समग्र आवृत्तीने, जोडीला म्युनिकच्या नव्या आवृत्तीचे पृष्ठ. भाषांतराचे पृष्ठ एकटे कधीही देऊ नये. तोंडी परीक्षा झाल्यावरही 'डॉक्टर' ही पदवी लावता येत नाही. आधी प्रबंध छापावा लागतो. पुस्तकाच्या रूपात छापायचा तर प्रकाशक पुष्कळदा छपाईचा खर्च मागतात. ही तरतूद आधीच करून ठेवावी.

प्रबंधांत आणखी एक चूक वारंवार दिसते. हेगेलने रोमँटिक आयरनीवर कडक टीका केली: सगळे काही 'मी'च्या लहरीवर सोडणारी पोकळ वृत्ती, असे त्याचे म्हणणे. ही टीका श्लेगेलच्या विचाराचे वर्णन म्हणून घेतली की पुढचे प्रकरण वाया जाते. विरोधकाची साक्ष विरोधकाची म्हणूनच वाचावी.

त्यानंतरची वर्षे

जर्मनीत 2007 च्या कायद्यानुसार विद्यापीठातले मुदतीचे करार पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षांपर्यंतच देता येतात, मुलांसाठी काही सवलत धरून. पस्तिशी-चाळिशीत असलेल्या कितीतरी उत्तम अभ्यासकांना या नियमाने विद्यापीठ सोडावे लागले आहे, आणि 2021 मध्ये समाजमाध्यमांवर त्याविरुद्ध मोठा आवाजही उठला. या विषयात येणाऱ्याने हे पहिल्या दिवशी माहीत करून घ्यावे. त्या दुसऱ्या सहा वर्षांत दुसरे पुस्तक लिहावे लागते. जुन्या पद्धतीत त्याला हॅबिलिटेशन म्हणतात. 2002 पासून कनिष्ठ प्राध्यापकपदाचा पर्यायही आहे. दुसरे पुस्तक पहिल्याहून वेगळ्या विषयावर हवे. नोव्हालिसवर प्रबंध असेल तर दुसरे पुस्तक कांटवर किंवा विसाव्या शतकातल्या सौंदर्यशास्त्रावर घेणे शहाणपणाचे, कारण जाहिराती 'रोमँटिक तत्त्वज्ञान' अशा नावाने क्वचितच निघतात. त्या निघतात 'कांट आणि जर्मन आदर्शवाद', 'सौंदर्यशास्त्र', किंवा साहित्य विभागात '1800 च्या आसपासचे साहित्य' अशा. हॅबिलिटेशन झालेल्याला अध्यापनाचा अधिकार मिळतो, पण तो टिकवण्यासाठी बिनपगारी शिकवावे लागते.

दोन विभागांची फाळणी इथे सर्वांत जास्त बोचते. तत्त्वज्ञानाची निवड समिती विचारते की यात युक्तिवाद कुठे आहे. साहित्याची समिती विचारते की कवितेच्या रूपाचे विश्लेषण कुठे आहे. म्हणून लेख दोन्हीकडे असावेत: एखादा 'कांट-श्टुडिएन' किंवा 'फिख्टे-श्टुडिएन'सारख्या नियतकालिकात, एखादा श्लेगेल सोसायटीच्या 'अथेनेउम' वार्षिकात, आणि रोमँटिक तत्त्वज्ञानालाच वाहिलेल्या, 2019 पासून निघणाऱ्या 'सिम्फिलोसोफी'त. अभ्यासक्रमही दोन्ही प्रकारचे शिकवलेले असावेत. फक्त तुकडे आणि आयरनी शिकवणाऱ्यापेक्षा तर्कशास्त्राची प्राथमिक ओळख आणि कांटचा पहिला चिकित्साग्रंथ शिकवू शकणाऱ्याला विभाग आधी घेतो.

वॉल्टर बेंजामिनने 1919 मध्ये बर्नला रोमँटिकांच्या समीक्षाकल्पनेवर प्रबंध केला. तो आजही या क्षेत्राचा पायाभूत ग्रंथ आहे. 1925 मध्ये फ्रँकफर्टला त्याचे हॅबिलिटेशन स्वीकारले जाणार नाही असे दिसल्यावर त्याने ते मागे घेतले. जर्मन संशोधन परिषद आता पीएच.डी.नंतरच्या पहिल्या स्वतंत्र प्रकल्पासाठी जो दोन वर्षांपर्यंतचा निधी देते, त्याला बेंजामिनचेच नाव आहे. परदेशातून येणाऱ्यासाठी हुम्बोल्ट फाउंडेशनची फेलोशिप हा दुसरा चांगला मार्ग. दोन्हींसाठी यजमान प्राध्यापकाचे पत्र आणि स्वतःचा आराखडा लागतो. निर्णयाला काही महिने जातात, म्हणून चालू करार संपण्याच्या वर्षभर आधी लिहायला बसावे.

संस्कृतचा धागा

मराठी वाचकाला या विषयाची एक वाट आधीपासून मोकळी आहे. रा. भा. पाटणकर यांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने कांटची चर्चा मराठीत इतक्या तपशिलाने केली आहे की तिसरा चिकित्साग्रंथ समजून घ्यायला मराठीतूनच सुरुवात करता येते. दुसरी वाट संस्कृतची. फ्रीडरिश श्लेगेल 1803 मध्ये पॅरिसला अलेक्झांडर हॅमिल्टन या ब्रिटिश संस्कृत-अभ्यासकाकडे संस्कृत शिकला आणि 1808 मध्ये भारतीयांच्या भाषेवर व ज्ञानावर त्याने पुस्तक काढले. ऑगस्ट विल्हेल्म 1818 मध्ये बॉनला गेला, तिथे त्याने देवनागरी टाइप तयार करवून घेतले आणि 1823 मध्ये भगवद्गीता लॅटिन भाषांतरासह छापली. विल्हेल्म फॉन हुम्बोल्टने गीतेवर बर्लिनला व्याख्याने दिली. हेगेलने 1827 मध्ये त्यांचे दीर्घ परीक्षण लिहिले. हा सारा मजकूर तपासायला संस्कृत, लॅटिन आणि जर्मन तिन्ही लागतात, आणि असे तिन्ही येणारे अभ्यासक थोडे आहेत. भाषांतरात श्लेगेलने कोणता पाठ घेतला, कोणता अर्थ गाळला, त्याच्या सौंदर्यविचाराचा त्यावर काय परिणाम झाला, यांसारखे प्रश्न संस्कृत जाणणाऱ्याच्या वाट्याचे आहेत.

मात्र इथेही तारीख पाहूनच पाऊल टाकावे. 1795 ते 1800 या येना-काळात यांतल्या कोणालाही संस्कृत येत नव्हते. शाकुंतल त्यांनी वाचले ते 1791 च्या फोर्स्टरच्या जर्मन भाषांतरात, जे स्वतःच विल्यम जोन्सच्या इंग्रजी भाषांतरावरून केलेले होते. नोव्हालिसच्या फिख्टेवरच्या टिपणांत अद्वैत वेदान्त शोधणारे लेख अधूनमधून निघतात. त्या टिपणांतला 'मी'च्या मागचा पाया आत्म्यासारखा वाटतो म्हणून. साम्य दाखवायचे असेल तर तुलना म्हणून खुशाल दाखवावे. प्रभाव म्हणून दाखवायचे असेल तर 1803 नंतरचा कागद हातात हवा.